सहा पांढुर्ण्याच्या, पाच सौंसरच्या

"एवढंच सांगा बाबा. तुमच्या हातानं खोडलं का नाही?"

"चहा घे अगोदर. थंडा होऊन राहिला."

"चहा जाऊ द्या. खोडलं का नाही?"

"अगं, दोन वर्षं झाली त्या गोष्टीला."

"म्हणजे खोडलं."

"मी असं कुठं म्हटलं?"

"मंग म्हणा न, नाही खोडलं म्हणून. म्हणून तं पाहा एकदा."

विनायक गायधने यांनी म्हणून पाहिलं नाही. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात. सकाळी ग्राउंडवरून आल्यावर वाकून मोजे काढणं हे अठ्ठावन्नाव्या वर्षी एक स्वतंत्र काम होऊन बसलं होतं, आणि आज ते अर्ध्यावरच राहिलं होतं. समोर फरशीवर त्यांची मुलगी गायत्री मांडी घालून बसली होती. तेवीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्यांची. तिच्यापुढे पुठ्ठ्याची एक जुनी फाइल उघडी होती आणि बाजूला अकरा प्रमाणपत्रं, त्यातली चार लिहून झालेली.

गुरुवारी सौंसरला सत्कार होता. दोन वर्षांपूर्वीच्या सीझनमध्ये जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या मुली फुटबॉल खेळल्या, त्यातल्या उत्कृष्ट अकरा जणींचा. आधी निवडणुकीची आचारसंहिता लागली, मग प्राचार्यांची बदली झाली, मग हॉलचं छप्पर गळायला लागलं. असं करत करत दोन वर्षं गेली, आणि आता कोणाच्या तरी मनात आलं की होऊन जाऊ द्या एकदाचं. गायत्रीचं अक्षर चांगलं, म्हणून प्रमाणपत्रांवर नावं घालायचं काम बापानं, म्हणजे गायधने सरांनी, तिला दिलं. नावं नीट पाहून घ्यावीत म्हणून तिनं फाइल उघडली, यादीचा कागद उलटा केला, आणि पाठीमागे पेन्सिलीनं केलेली मोजणी तिला सापडली. डाव्या हाताला पांढुर्ण्याच्या मुली, सात. उजव्या हाताला सौंसरच्या, पाच. डावीकडचं सातवं नाव होतं गायत्री गायधने. नावापुढे चार उभ्या रेघा. आणि नावावरून एक आडवी.

"चार चिठ्ठ्या होत्या मला," गायत्री म्हणाली. "पाच मॅचमधून चार. धनश्रीला तीन. धनश्री आहे यादीत, मी नाही."

"दोघंही हळू बोला," आतून आईचा, छायाताईंचा, आवाज आला. "शेजारच्या काकू खिडकीशी येऊन बसल्या आहेत."

"ऐकू दे न. त्यांना माहीतच असेल. मलाच नव्हतं माहीत."

"बेटा, त्यावेळची परिस्थिती तुला..."

"तुम्ही मला काय सांगितलं होतं बाबा? 'यावेळी जराशा कमी पडल्या बेटा.' आठवते?"

"आठवते."

"मी दोन वर्षं काय समजून राहिली, माहीत आहे? की समोरच्या पोरींनी माझं नाव लिहिलंच नाही. ज्या माझ्या अंगावर पडल्या, ज्यांच्या मी अंगावर पडली, त्यांना मी दिसलीच नाही. दुसरं कोणी काही म्हटलं असतं तर मी हसली असती. पण त्याच पोरी म्हणतात की ही काही नाही, तर मग ही काही नसेलच. म्हणून खेळणं सोडलं मी. अभ्यासासाठी नाही. कंपनीच्या नोकरीसाठी तं नाहीच नाही."

सरांनी हातातल्या मोज्याची घडी केली. मग ती उलगडली.

चिठ्ठ्यांची पद्धत त्यांचीच. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी उत्तम खेळाडू कोण यावरून दोन कॉलेजांच्या मास्तरांनी ग्राउंडवर एकमेकांच्या कॉलर धरल्या होत्या. त्यानंतर गायधने सरांनी नियम केला, की मास्तरांनी निवडायचंच नाही. शिट्टी वाजली की दोन्ही कॅप्टननी आपापल्या टीमला विचारून समोरच्या टीममधली तीन नावं लिहायची. आपल्या माणसाचं नाव लिहायचंच नाही. आणि लिहायचं ते पाणी प्यायच्या आधी.

"पाण्याच्या आधी काहून सर?" पहिल्या वर्षी कोणीतरी विचारलं होतं.

"पाणी प्यालं की माणूस विचार करायले लागते," सर म्हणाले होते.

त्यामुळे चिठ्ठ्या घामानं भिजलेल्या यायच्या, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि कधी कधी नावाच्या जागी नुसतं 'सात नंबर. डोकं खाल्लं हिनं' एवढंच. सर त्या टोपीत गोळा करायचे. कोणाला दाखवायचे नाहीत, पण कोणाला शंकाही यायची नाही. ह्या भागात एक म्हणच झाली होती, की गायधने सरांच्या टोपीत खोटं पडत नाही.

माणूस तसा साधा. जन्म तिगावचा. वडील रेल्वेत गँगमन. खरगपूरकडून बदलून आलेल्या एका असिस्टंट स्टेशन मास्तरनं यार्डाच्या मागे पोरांना एक बॉल आणून दिला. गाव सगळं कबड्डीवालं. तिथं हे एकटंच पोट्टं पायानं खेळायला लागलं ते सुटलंच नाही. नागपूरला जाऊन खेळाचं शिक्षण घेतलं, तीन वर्षं क्लबकडून खेळले, गुडघा गेला, परत आले. पांढुर्ण्याच्या कॉलेजात क्रीडा अधिकारी म्हणून लागले तेही पाहुणे म्हणून, एकेका वर्षाच्या ऑर्डरीवर. दर जुलैत नवी ऑर्डर येणार की नाही याची वाट पाहायची, आणि आली की ग्राउंडवर रेघा आखायला चुन्याचं पोतं फोडायचं. एकोणीस जुलै असे गेले. बोटांच्या पेरांना चुन्यानं भेगा पडल्या त्या पावसाळ्यातही भरत नव्हत्या. ग्राउंडला लागून एकाचा संत्र्याचा बगिचा होता. बॉल कुंपणापलीकडे गेला की बगिचेवाला तो ठेवून घ्यायचा आणि सरांना स्वतः येऊन माफी मागायला लावायचा. सर जायचे. एकोणीस वर्षं जात होते. मुलींची टीम काढली तेव्हा घरोघर जाऊन बापांच्या, मामांच्या विनवण्या केल्या त्या वेगळ्याच. आल्या-गेल्याला समजावणं हाच त्यांचा खरा धंदा. फुटबॉल त्यातून उरलेल्या वेळात.

जिल्हा नवा झाला त्या वर्षीचा तो सीझन. पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, आणि दोन्ही गावं प्रत्येक गोष्ट तोलून पाहायला लागली. ऑफिस कुठं बसलं, बोर्ड कुठं लागला, कुठल्या गावाचं नाव आधी छापलं. अशात मुलींच्या सहा टीम, आणि चिठ्ठ्यांतून निघालेल्या पहिल्या अकरा जणी: सात पांढुर्ण्याच्या, चार सौंसरच्या.

सौंसरच्या कॉलेजचा क्रीडा अधिकारी प्रफुल्ल बोबडे तेव्हा समोर बसला होता. यादी पाहून म्हणाला, "सर, सात-चार नाही चालणार. मले गावात राहायचं आहे. सहा-पाच करा. बाराव्या नंबरले आमची मोहगावची धनश्री आहे, तीन चिठ्ठ्या. तिले घ्या, तुमची एक काढा. कोणती काढायची ते तुम्ही पाहा."

सरांनी पेन्सिल घेतली. सातही नावं वाचली. पहिलीचा मामा नगरसेवक. दुसरीच्या बापाला तर त्यांनीच हात जोडून तयार केलं होतं. तिसरीची आत्या कॉलेजच्या ऑफिसात बसायची. चौथी काढली तर तिचं गाव ट्रॅक्टर भरून दारात आलं असतं. पाचवी, सहावी, प्रत्येकीच्या पाठीशी कोणी ना कोणी उभं होतं, आणि तो प्रत्येक जण सरांच्या दारात येऊन, चहा पिऊन, तासभर भांडून गेला असता. सर त्या दिवशी फार थकले होते. सातव्या नावासाठी भांडायला येणारं माणूस कोणतं, याचा त्यांनी विचार केला. ते माणूस म्हणजे ते स्वतःच होते. त्यांनी रेघ मारली.

हे सगळं त्यांनी आता, रविवारी सकाळी, एक मोजा हातात धरून मुलीला सांगितलं. आवाज न चढवता, हजेरी घेतल्यासारखं.

गायत्री ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे सगळ्यांसाठी भांडाले कोणी न कोणी होतं."

"हो."

"अन् माझ्यासाठी तुम्ही होते."

"हो."

"मंग तुम्ही काहून नाही भांडले?"



"लोक म्हणाले असते, मास्तरनं आपलीच पोरगी घुसवली..." त्यांनी सुरुवात केली.

"लोकांनी म्हटलं असतं न. म्हणू द्यायचं होतं. चार चिठ्ठ्या दाखवायच्या होत्या त्यांना. तुमच्या टोपीत खोटं पडत नाही म्हणतात बाबा. माझं खरं पडलं होतं, ते तुम्हीच बाहेर काढून फेकलं."

तिनं पेनाला टोपण लावलं. उरलेली सात प्रमाणपत्रं तशीच कोरी ठेवून ती उठली आणि आत गेली. छायाताई दाराशी आल्या, कोऱ्या कागदांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"आता ही कोण लिहीन?"

"मी लिहीन."

"तुमचं अक्षर पाहून पोरी परत करतील," त्या म्हणाल्या. मग खाली बसून त्यांनी त्यांच्या हातातला मोजा काढून घेतला. "मलाही नाही सांगितलं तुम्ही."

"तू भांडली असती."

"हो. भांडलीच असती."

सोमवारी सर सौंसरच्या बसमध्ये बसले. जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला उतरणाऱ्या बायांच्या नारळाच्या पिशव्या पायाशी, खिडकी बंद होत नव्हती. प्रफुल्ल कॉलेजच्या हॉलमध्ये खुर्च्या लावून घेत होता. सरांना पाहून त्यानं खुर्ची पुढे केली.

"बसा सर. चेहरा काहून असा?"

"एक नाव राहिलं प्रफुल्ल."

"कोणतं?"

"गायत्रीचं."

प्रफुल्लनं हातातली यादी घडी करून खिशात ठेवली. "सर, ते तुम्हीच..."

"मीच. माझी चूक आहे. ते दुरुस्त करायचं."

"कसं करता? अकरा म्हणजे अकरा. ट्रॉफ्या नागपूरहून नाव कोरून आल्या. बॅनर छापलं."

"बारावं नाव जोड."

"बारा केले की सात-पाच झाले. मंग मी तेराव्या नंबरची आणतो, सात-सहा. मंग तुमच्याकडून कोणी येईन. सर, तुम्ही लोकांना मोजणं शिकवलं न हे? आता तुम्हीच गणित बिघडवून राहिले."

"मी नाही शिकवलं ते. ते तू शिकवलं."

"बरं, मी शिकवलं. पेन्सिल कोणाच्या हातात होती?"

प्रफुल्ल बोलतच राहिला, पण त्याचा आवाज उतरला. "एक उपाय आहे. धनश्रीचं नाव काढता? तीन चिठ्ठ्या, तसाही तिचा नंबर बारावा. सांगा, मी काढतो. पण फोन तुम्ही करा."

धनश्रीचं लग्न झालं होतं. एक वर्षाचं पोर होतं. मोहगावहून ती सासऱ्यांसोबत येणार होती, आणि सासरे तिचं कौतुक करायला सोबत चार माणसं आणणार होते, असं तिनंच फोनवर सांगितलं होतं. "सर, माझ्या सासऱ्यांनी आजवर मला खेळताना पाहिलं नाही. ट्रॉफी तं पाहतील." सरांना तो आवाज आठवला.

"नाही," ते म्हणाले. "धनश्रीचं राहू दे."

"मंग?"

"मंग काही नाही."

प्रफुल्लनं चहा मागवला. दोघांनी तो घेतला. निघताना प्रफुल्ल म्हणाला, "सर, सत्काराच्या दिवशी नावं तुम्हीच वाचा. आवाज तुमचाच जाते शेवटच्या रांगेपर्यंत." त्यात त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं.

मंगळवार, बुधवार गायत्री घरात बोलली ती कामापुरती. सकाळी सातची बस धरून ती बोरगावच्या कंपनीत पॅकिंगला जायची, संध्याकाळी यायची, जेवायची, झोपायची. पूर्वी ह्याच वेळात ती बापाशी तावातावानं बोलायची. कोणाचा डावा पाय कच्चा आहे, कोणती गोलकीपर कॉर्नरला डोळे मिटते. दोन वर्षांत ते बोलणं कधी बंद झालं, सरांना नेमकं आठवेना. तेव्हा वाटलं होतं, पोरगी मोठी झाली.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "उद्या येशील?"

"यायचं कशाला?"

"तुझ्या पांढुर्ण्याच्या सहा जणी आहेत."

"त्यांच्यासाठी येईन. कंपनीतून अर्धी सुट्टी घेईन. पण बाबा, तिथं काही करू नका."

"काय करणार मी?"

"मला माहीत आहे तुम्ही काय करता ते. काही करू नका. मला जे पाहिजे होतं ते दोन वर्षांपूर्वी पाहिजे होतं."

गुरुवारी दुपारी बाराला हॉल निम्मा भरला. बॅनरवर 'सर्वोत्कृष्ट महिला फुटबॉल खेळाडू सत्कार समारंभ', आणि खाली जुन्या सीझनचं साल, त्यावर कोणीतरी हाताला लागला तो हार सोडला होता, साल दिसू नये म्हणून. सत्कारमूर्ती पहिल्या रांगेत. त्यांतल्या दोघींच्या मांडीवर लेकरं, एक नागपूरहून नर्सिंगच्या हॉस्टेलमधून आलेली, एकीच्या हाताला लग्नाची ताजी मेंदी. दोन वर्षांत फुटबॉल कोणाच्याच अंगावर राहिला नव्हता. एकमेकींना ओळखून त्या हसत होत्या. "अगं, तू ती. माझ्या पोटरीवर बूट मारणारी." "माफ कर न बाई, आता तं मला धावताही येत नाही."

गायत्री शेवटच्या रांगेत होती, कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. छायाताई तिच्या बाजूला बसल्या.

पाहुणे म्हणून एक निवृत्त अधिकारी होते, प्रत्येक कार्यक्रमात दोन वेळा भाषण करणारे. भाषण झालं. मग सर माइकपाशी गेले. एकेक नाव वाचलं. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, फोटो. पहिल्या दोघी पांढुर्ण्याच्या, मग एक सौंसरची, एक पांढुर्ण्याची, प्रफुल्लनं क्रम असाच लावला होता. अकरावी धनश्री. तिचे सासरे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि सोबतची चार माणसंही. पोर रडायला लागलं म्हणून धनश्रीनं ट्रॉफी एका हातात, पोर दुसऱ्या हातात घेतलं आणि तसाच फोटो काढला.

सरांनी कागद ठेवला. खाली उतरायला हवं होतं. ते उतरले नाहीत.

"एक राहिलं," ते म्हणाले.

प्रफुल्लनं स्टेजच्या कडेवरून मान हलवली. नको.

"दोन वर्षांपूर्वी मी एक चूक केली. ह्या अकरा पोरी खऱ्या आहेत, यांच्यात काही खोट नाही. पण बारावी एक होती. तिला समोरच्या टीमच्या पोरींनी चार वेळा निवडलं. चार. तुमच्यातल्याच पोरींनी, ज्या इथं बसल्या आहेत. ती माझी मुलगी होती म्हणून, अन् लोक बोलतील म्हणून, मी तिचं नाव खोडलं. नाव आहे गायत्री गायधने. खेळ तिचा होता. चूक माझी होती."

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग पहिल्या रांगेतली सौंसरची एक मुलगी म्हणाली, "हो, मीच लिहिलं होतं. दोन वेळा पडली तरी उठून आली होती ती." आणि टाळी वाजवली. हॉल टाळ्यांनी भरला. गायत्रीच्या चेहऱ्याकडे त्या मुलीनं वळून पाहिलं, आणि गायत्रीनं तिच्याकडे.

पण पाहुणे तोवर उभे राहिले होते. त्यांनी माइक घेतला.

"मित्रहो, आज आपण खरा गुरू पाहिला. स्वतःच्या पोटच्या पोरीचं नाव खोडणारा माणूस. आजच्या काळात, जिथं प्रत्येक जण आपल्याच माणसाला पुढं करते, तिथं असा निःस्पृह शिक्षक. आज खरा सत्कार कोणाचा व्हायला पाहिजे? सांगा."

"सरांचा," कोणीतरी म्हणालं. मग बरेच म्हणाले.

"नाही, नाही, साहेब, ते तसं नाही..." सर माइककडे हात करत होते. त्यांचा आवाज आता माइकशिवाय कोणाला ऐकू जात नव्हता. पाहुण्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली. धनश्रीचे सासरे येऊन पाया पडले. नगरसेवक मामा फोटोत यायला पुढे सरकले. लोक उभे राहिले. प्रफुल्लच्या डोळ्यांत पाणी आलेलं खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच सरांना त्याच्यावर रागही काढता येईना.

"असा बाप पाहिजे," छायाताईंच्या पुढच्या खुर्चीतल्या बाई मागे वळून म्हणाल्या. "नशीबवान आहे पोरगी."

सर गर्दीतून वाट काढत मधल्या रस्त्यानं मागे आले. शाल एका खांद्यावरून घसरत होती. गायत्री उभी होती. लोक त्या दोघांभोवती गोल करून थांबले, आता काय होते ते पाहायला, चांगलंच होणार असं धरून.

"मला हे नव्हतं पाहिजे," ते हळू म्हणाले. "मी तुझं नाव घ्यायला उठलो होतो."

तिनं त्यांच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं.

"चल न समोर बेटा. तुझ्या पोरींमध्ये उभी राहा. एक फोटो. ह्यावेळी मी म्हणतो. मी भांडतो पाहिजे तर."

"जा बेटा," बाजूच्या बाई म्हणाल्या. "बाप बोलावून राहिला."

गायत्रीनं गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या खिशात घातलं. आईच्या मांडीवरची आपली पिशवी उचलली. समोरच्या लोकांनी तिच्यासाठी रस्ता केला, त्यांना वाटलं ती स्टेजकडे चालली. ती बाजूच्या दाराकडे वळली, दारात खुर्च्यांची चळत होती ती ओलांडली, आणि बाहेर बस स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.